जुन्या जहाजाची खरेदी आणि पाहणीची मर्यादा : ‘लॉयल्टी’ जहाजाचा (१९१९-१९२३) एक पुनर्विचार

प्रस्तावना

५ एप्रिल हा दिवस आपल्या देशात १९६४ पासून ‘राष्ट्रीय सागरी दिन’ म्हणून पाळला जातो. १९१९ साली याच दिवशी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांनी उभारलेल्या या कंपनीचे ते पहिले जहाज होय. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्याच वालचंदांचे हे साहस असल्याने बारामती-इंदापूर परिसरातील अभ्यासकांना या घटनेविषयी विशेष आस्था असणे स्वाभाविक आहे.

तथापि, या गौरवकथेतील एक साधी गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. ‘लॉयल्टी’ हे नवे जहाज नव्हते. ते अठ्ठावीस वर्षे वापरलेले, तिसऱ्या मालकाकडे आलेले जहाज होते. मार्च १९१९ मध्ये ते विकत घेतले गेले, मार्च १९२१ मध्ये मुंबईत उभे करून ठेवण्यात आले आणि १९२३ साली मोडीत निघाले. म्हणजे ज्या जहाजाच्या प्रस्थानाचा दिवस आपण साजरा करतो, त्याची कंपनीसाठी झालेली सेवा जेमतेम दोन वर्षांची होती. हे असे का झाले, या प्रश्नाचे प्रचलित उत्तर ‘ब्रिटिश कंपन्यांची गळचेपी’ असे आहे. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे. जुने जहाज घेताना पाहणीत न दिसणारे दोष कोणते असतात, या बाजूने ‘लॉयल्टी’कडे पाहिल्यास अधिक समाधानकारक उत्तर मिळते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

जहाजाची पाहणी : तिच्या कक्षेतील व कक्षेबाहेरील दोष

जहाज लाकडाचे असो वा पोलादाचे, त्याचा सर्वांत नाजूक भाग नजरेआड असतो. लाकडी तारवाला खाऱ्या पाण्यातील पोखरणारा किडा लागतो. त्याचे बाहेरचे छिद्र टाचणीच्या टोकाएवढे असते, आत मात्र फळी चाळणी होते. पोलादी जहाजात बॉयलरखालच्या आणि कोळशाच्या कोठारालगतच्या पत्र्यांना ओल, उष्णता आणि राख यांमुळे गंज चढतो. तळाशी सिमेंटचा थर दिलेला असेल तर त्याखाली पत्रा किती उरला आहे, हे वरून कळत नाही. म्हणूनच जुन्या काळातील तपासनीस हातोडीने ठोकून आवाजावरून पत्र्याची जाडी अजमावीत आणि शंका आल्यास भोक पाडून ती मोजीत. ताज्या रंगाचा हात हा तपासनिसाला दिलासा देण्याऐवजी सावध करीत असे.

हे दोष लपलेले असले तरी पाहणीच्या कक्षेतील आहेत. वेळ, कोरडी गोदी आणि अनुभवी माणूस मिळाल्यास ते सापडतात. जहाजांची प्रतवारी करणाऱ्या लॉइड्स रजिस्टरसारख्या संस्थांची पद्धत याच गृहीतकावर उभी होती. मात्र अशी संस्था ‘हे जहाज भक्कम आहे काय?’ एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देते. ‘हे जहाज या खरेदीदाराच्या या कामाला परवडेल काय?’ हा प्रश्न तिच्यापुढे ठेवलेलाच नसतो. जहाजाचे वय आणि त्याचा धोका यांचे नातेही सरळ नसते. ‘विजळी’ या नावाने लोकस्मृतीत राहिलेली ‘वैतरणा’ आगबोट १८८८ साली सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ शेकडो प्रवाशांसह नाहीशी झाली, तेव्हा ती अवघी तीन वर्षांची होती. म्हणून केवळ वय पाहून जहाज नाकारणे जितके चुकीचे, तितकेच केवळ भक्कमपणा पाहून ते स्वीकारणेही चुकीचे ठरते.

‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ते ‘लॉयल्टी’

हे जहाज इंग्लंडमधील बॅरो येथे बांधले गेले आणि ३० ऑगस्ट १८९० रोजी पाण्यात उतरले. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीने त्याला ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे नाव दिले होते. सुमारे ४५५ फूट लांबी, सुमारे ५,९०० टन भार, दोन पंखे आणि ताशी १६ सागरी मैल वेग ही त्याची मूळ वैशिष्ट्ये. व्हँकुव्हर ते हाँगकाँग या प्रशांत महासागरी मार्गावर टपाल, उतारू आणि रेशमासारखा मौल्यवान माल नेण्यासाठी त्याची रचना झाली होती. वरच्या दोन वर्गांत मिळून १७० आणि तिसऱ्या वर्गात ६०० उतारूंची सोय होती.

या व्यवसायाचा आर्थिक पाया समजून घेणे आवश्यक आहे. या मार्गावरील टपालसेवेसाठी ब्रिटन व कॅनडा या दोन्ही सरकारांकडून मिळून वर्षाला ६०,००० पौंडांचे अनुदान होते. ठरलेल्या दिवशी टपाल पोचविण्यासाठी वेग हवा होता. वेगासाठी मोठी यंत्रे आणि भरपूर कोळसा लागे, आणि हा खर्च पेलण्यास अनुदानाचा आधार होता. जहाजाचा वेग हा त्याचा गुण होता खरा, परंतु तो सरकारी पैशाच्या आधाराने टिकणारा गुण होता.

१९१३ साली कंपनीने या मार्गावर ‘एम्प्रेस ऑफ रशिया’ आणि ‘एम्प्रेस ऑफ एशिया’ ही अधिक मोठी व वेगवान जहाजे आणली. त्यामुळे जुने जहाज मागे पडले. महायुद्ध सुरू झाल्यावर डिसेंबर १९१४ मध्ये ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ते विकत घेतले आणि हिंदी जखमी सैनिकांसाठी त्याचे रुग्णालय-जहाज केले. ‘लॉयल्टी’ हे नाव त्याला जानेवारी १९१५ मध्ये मिळाले. युद्ध संपले आणि रुग्णालय-जहाजाची गरजही संपली. मार्च १९१९ मध्ये ते सिंधिया कंपनीकडे आले.

यातून दोन बाबी स्पष्ट होतात. पहिली अशी की, दोन्ही विक्रेत्यांनी हे जहाज विकले ते त्याचे प्रयोजन संपल्यामुळे. ‘विकणारा का विकतो आहे?’ हा जुन्या वस्तूच्या खरेदीतील पहिला प्रश्न होय. जनावरांच्या बाजारात बैलाचे दात पाहण्याआधी शेतकरी तो विचारतो. दुसरी बाब अशी की, जहाजाचे अंतरंग उतारू-जहाजाचे रुग्णालय आणि पुन्हा उतारू-जहाज असे दोनदा बदलले गेले. प्रत्येक बदलात भिंती हलतात, नळ व तारा नव्याने फिरतात, नव्या लाकडी आच्छादनामागे जुना पत्रा झाकला जातो. अशा जहाजाची पाहणी मुळातच अवघड असते.

खरेदी आणि प्रस्थान यांमधील अवधीही लक्षात घेण्याजोगा आहे. मार्चमध्ये खरेदी आणि ५ एप्रिलला प्रस्थान, म्हणजे फार तर पाच आठवडे. एवढ्या अवधीत ताबा, खलाशांची भरती, कोळसा, उतारूंची सोय आणि डागडुजी हे सारे उरकायचे होते.

कायद्याची बाजू

या व्यवहारात खरेदीदाराला कायद्याचे कितपत संरक्षण होते? १९१९ मध्ये वस्तूंच्या विक्रीस १८७२ चा करार कायदा लागू होता. ‘खरेदीदाराने सावध राहावे’ हे त्यामागील इंग्रजी परंपरेतील तत्त्व पुढे १९३० च्या वस्तुविक्री कायद्याच्या सोळाव्या कलमात अधिक रेखीवपणे मांडले गेले. त्यानुसार, त्या प्रकारच्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून वस्तू घेतल्यास ती विक्रीयोग्य दर्जाची असल्याची हमी गृहीत धरली जाते. परंतु खरेदीदाराने स्वतः वस्तू तपासली असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसावयास हवे होते त्यांबद्दल ही हमी उरत नाही.

या तरतुदीचा मथितार्थ मार्मिक आहे. तपासणी केल्याने खरेदीदाराचे ज्ञान वाढते, तशी त्याची जबाबदारीही वाढते. अर्धवट तपासणी ही म्हणून सर्वांत घातक. ती खरा दोष दाखवीत नाही, उलट तक्रारीचा आधार काढून घेते. शिवाय येथे विक्रेता जहाजांचा व्यापारी नव्हता, तर एक संस्थानिक होता. आणि परवडण्याचा प्रश्न तर कोणत्याही कायद्याच्या हमीत बसणारा नव्हता.

अपयशाची मीमांसा

‘लॉयल्टी’च्या अल्पायुष्याची कारणे सांगताना लॉर्ड इंचकेप यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश इंडिया कंपनीचा उल्लेख येतो. ही कंपनी १९१४ साली पी. अँड ओ. कंपनीशी एकत्र आली होती. दर पाडणे आणि एकनिष्ठ व्यापाऱ्यांना उशिरा सूट देऊन बांधून ठेवणे ही तिची प्रसिद्ध हत्यारे होती. तुतिकोरिनच्या व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांच्या १९०६ च्या स्वदेशी कंपनीचा अनुभवही ताजाच होता. या स्पर्धेची तीव्रता नाकारण्याचे कारण नाही.

परंतु कालक्रम काही वेगळेच सुचवितो. ब्रिटिश इंडिया कंपनीशी सिंधियाचा करार १९२३ साली झाला. त्याने सिंधियाचा एकूण भार ७५,००० टनांवर मर्यादित केला आणि उतारू-वाहतूक वर्ज्य ठरविली. ‘लॉयल्टी’ मात्र त्याच्या दोन वर्षे आधीच, १९२१ मध्ये, उभी राहिली होती. दुसरे असे की, त्याच मालकांची, त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर उभी असलेली सिंधियाची मालवाहू जहाजे टिकली आणि कंपनीही टिकली. स्पर्धा हेच एकमेव कारण असते, तर ‘लॉयल्टी’ आणि मालवाहू जहाजे यांच्या नशिबात एवढा फरक पडला नसता.

हा फरक जहाजाच्या घडणीत होता. वेगासाठी बांधलेली यंत्रे तीच राहिली, पण टपालाचे अनुदान मालकीबरोबर हस्तांतरित झाले नाही. उतारूंसाठी दिलेली जागा मालासाठी उपयोगी नव्हती. त्यातच युद्धोत्तर तेजी १९२०-२१ मध्ये ओसरली आणि जगभर वाहतुकीचे दर कोसळले. १९१९ साली जहाजांचा तुटवडा असल्याने जुन्या जहाजांनाही चढा भाव होता. तो भाव हाही एक लपलेला दोषच होता, कारण तो जहाजाच्या कोणत्याही पत्र्यावर दिसत नव्हता.

येथे वालचंदांवर अन्याय होऊ नये याची काळजी घेतली पाहिजे. १९१९ मध्ये नव्या जहाजासाठी थांबणे म्हणजे संधी गमावणे होते. हिंदी मालकीचे जहाज लंडनपर्यंत जाऊ शकते हे दाखविण्याचे मोल वेगळे होते, आणि ते काम ‘लॉयल्टी’ने केले. खरेदी फसली ती उतारू-व्यवसाय म्हणून. प्रतीक म्हणून ती सफल झाली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानण्यास आपले इतिहासलेखन कचरते, हीच खरी अडचण आहे.

नंतरच्या घटनांवरून कंपनीची दिशा दिसते. दुसऱ्यांच्या गरजेसाठी बांधलेली जहाजे घेण्यापेक्षा स्वतःच्या गरजेची जहाजे स्वतः बांधावीत, या भूमिकेतून विशाखापट्टणम येथे गोदी उभी राहिली. तिची कोनशिला १९४१ साली डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली आणि १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी ‘जलउषा’ जहाजाचे जलावतरण केले. वालचंदनगरच्या कारखान्यानेही पुढे नौदलाच्या जहाजांसाठी दंतचक्रांचे संच तयार केले. कोरडवाहू इंदापूरचा समुद्राशी जडलेला हा संबंध लक्षणीय आहे.

स्थानिक संदर्भ

दिसणारा थर आणि खालचे वास्तव यांतील अंतर नीरा खोऱ्याला अपरिचित नाही. नीरा डाव्या कालव्याखालील उत्तम दिसणाऱ्या जमिनी पाण्यानंतर खारावल्या. हॅरोल्ड मान व व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० साली या खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोष वरच्या मातीत शोधून सापडणारा नव्हता. तो खालच्या थरातील क्षार, निचरा आणि नवे पाणी यांच्या संयोगात होता. जमीन तीच, पण तिचा वापर बदलला आणि दोष प्रकट झाला. ‘लॉयल्टी’च्या बाबतीतही नेमके हेच घडले.

आज उजनी जलाशयामुळे इंदापूर तालुका स्वतःच जलवाहतुकीचा प्रदेश झाला आहे. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेचे कारण वारा होते. बोटीच्या दोषाशी ती जोडणे योग्य नव्हे. मात्र शांत पाण्यावर मासेमारीसाठी योग्य असलेली होडी उन्हाळी वावटळीत उतारू नेण्यास योग्य असतेच असे नाही, हा विचार ती पुढे आणते. जुन्या फायबर होडीच्या मागच्या फळ्यातील लाकूड आतून कुजले आहे काय, हे ठोकून पाहता येते. ती कोणत्या पाण्यासाठी, किती माणसांसाठी बांधली होती, हे मात्र विचारावेच लागते. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यांत्रिक जलयानांची नोंदणी व तपासणी सांगितली आहे. ती तपासणी वापराचा प्रश्न विचारील, तरच तिला अर्थ राहील.

समारोप

जुन्या जहाजातील सर्वांत महाग दोष बहुधा जहाजात नसतो. तो पहिल्या मालकाची गरज आणि नव्या मालकाची गरज यांमधील अंतरात असतो. हातोडी तेथे पोचत नाही, प्रमाणपत्रही पोचत नाही. तेथे वस्तूचा इतिहासच वाचावा लागतो. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’चे अनुदान, १९१३ ची नवी जहाजे आणि युद्धोत्तर भाव या तीन गोष्टी एकत्र वाचल्या असत्या, तर ‘लॉयल्टी’चे भवितव्य बऱ्याच अंशी आधीच दिसले असते. इतिहासाचा अभ्यास व्यवहाराला काय देतो, असे वाणिज्य व विज्ञान शाखांतील सहकारी अनेकदा विचारतात. प्रस्तुत उदाहरण हे त्याचे एक उत्तर होय. तसेच राष्ट्रीय सागरी दिनाचे महत्त्व विद्यार्थ्यांना सांगताना ‘लॉयल्टी’चे प्रस्थान आणि तिचे मोडीत निघणे या दोन्ही तारखा फळ्यावर लिहिल्या जाव्यात. त्याने वालचंदांचे मोठेपण उणावत नाही. आपल्या पहिल्या जहाजाने पत्करलेली किंमत मात्र विद्यार्थ्यांना कळते.