पहिल्या परीक्षेत नापास झालेल्या बाईची शाळा

ज्यांची लेक, सून, नात किंवा भाची नर्सिंगला शिकते आहे, त्यांनी आज थोडा वेळ कामं बाजूला ठेवून ऐकावं, अशी विनंती.

आपल्या बचत गटातल्या बायका पूर्वी कर्ज घ्यायच्या ते शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, नाहीतर पेरणीसाठी. आता मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठीही कर्ज मागितलं जातं. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. मुलगी होस्टेलला जाते, पांढरा कोट घातलेला फोटो पाठवते, घरात सगळ्यांना आनंद होतो. मग पहिला निकाल लागतो. बारावीला चांगले मार्क घेतलेली पोरगी दोन विषयांत राहते, नाहीतर काठावर पास होते. मुलगी फोनवर रडते. घरी वडील गप्प बसतात. शेजारपाजारचे स्थळ सुचवायला लागतात. आणि गटाच्या बैठकीत कोणीतरी विचारतं, “नापासच होते तं फी कायले भरायची?”

प्रश्न विचारणारी बाई वाईट नसते. पैसा गटाचा आहे, सोयाबीनला भाव नाही, हप्ता तर भरायचाच आहे. म्हणून या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायला हवं. ते देण्यासाठी मी आज तुम्हाला दीडशे वर्षांमागची एक गोष्ट सांगणार आहे. ती सुरू होते लांब इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये, पण येऊन पोहोचते आपल्या मुंबईला आणि पुण्याला.

डॉ. आनंदीबाई जोशींचं नाव आपल्या सगळ्यांना माहीत आहे. १८८६ मध्ये त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या. पण सोफिया जेक्स-ब्लेक हे नाव आपल्यापैकी फार जणींनी ऐकलेलं नसेल. ही इंग्लंडची बाई. १८६९ मध्ये तिने स्कॉटलंडमधल्या एडिंबरा विद्यापीठात डॉक्टरी शिकण्यासाठी अर्ज केला. त्या काळी तिथे बायकांना डॉक्टरी शिकवत नसत. एकट्या बाईसाठी वर्ग भरवता येणार नाही, असं विद्यापीठाने सांगितलं. मग तिने आणखी बायका गोळा केल्या. त्या सात जणी झाल्या. त्यात एक होती एडिथ पीची. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे आपल्या मुंबईत येणार आहे.

या सात जणींचे हाल काही कमी झाले नाहीत. १८७० मध्ये एडिथ पीची रसायनशास्त्राच्या परीक्षेत एवढी वर आली की नियमाने शिष्यवृत्ती तिला मिळायला हवी होती. पण ती बाई आहे म्हणून शिष्यवृत्ती पुरुष विद्यार्थ्यांना दिली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात शरीररचनेच्या परीक्षेला जाताना दारात मोठा जमाव जमला. या बायकांवर चिखल फेकला, शिव्या दिल्या. परीक्षा चालू असताना टवाळखोरांनी आत एक मेंढी ढकलली. म्हणजे बायका शिकायला निघाल्या की टिंगल करणारे सगळ्या देशांत सारखेच.

आता महत्त्वाची गोष्ट ऐका. या सगळ्यांची पुढारी सोफिया. कोर्टकचेऱ्या तिनेच सांभाळायच्या, पत्रं तिनेच लिहायची, वर्गणी तिनेच गोळा करायची. १८७२ मध्ये ती स्वतः डॉक्टरीच्या पहिल्या मोठ्या परीक्षेला बसली आणि नापास झाली. तिच्याकडे साऱ्या देशाचे डोळे लागलेले होते, विरोधक तर वाटच बघत होते. तिला आणि तिच्या बाजूच्या लोकांना वाटलं, परीक्षकांनी मुद्दाम पाडलं असणार. तसं वाटायला कारणही होतं. मग पेपर तपासायला दिले गेले टी. एच. हक्सली यांच्याकडे. ते त्या काळचे मोठे शास्त्रज्ञ, आणि बायकांनी शिकावं या मताचे. त्यांनी पेपर पाहिले आणि सांगितलं की, माझा कल तुमच्याच बाजूने आहे, पण हे पेपर पास होण्याइतके नाहीत. ही गोष्ट १८७४ मध्ये वर्तमानपत्रात छापूनही आली.

विचार करा मैत्रिणींनो. आपल्या गावात निकाल फुटला तर चार घरांना कळतो. तिचा निकाल साऱ्या देशाने वाचला.

त्यानंतर ती घरी बसली नाही. १८७४ मध्येच, स्वतःच्या हातात पदवी नसताना, तिने पुढाकार घेऊन लंडनला बायकांसाठी डॉक्टरीची शाळा उभी केली. आणि स्वतः पुन्हा अभ्यासाला बसली. १८७७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे परीक्षा देऊन पदवी घेतली, आणि त्याच वर्षी आयर्लंडमध्ये परीक्षा देऊन डॉक्टरकीचा परवाना मिळवला. पहिल्या नापासानंतर पाच वर्षं गेली. पुढच्याच वर्षी तिने त्याच एडिंबरा शहरात दवाखाना उघडला.

आता आपण मुंबईला येऊ. तिची मैत्रीण डॉ. एडिथ पीची १८८३ च्या डिसेंबरात मुंबईला आली. बायकांच्या उपचारांसाठी बायकाच डॉक्टर असाव्यात, म्हणून मुंबईच्या लोकांनी पैसा जमवून तिला बोलावलं होतं. १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल सुरू झालं, ते तिच्या हाताखाली. आजही मुंबईत ते आहे. तिथे पीचीबाईंनी नर्सेसना शिकवण्याचं कामही सुरू केलं. आपल्या राज्यातल्या नर्सिंगच्या शिक्षणाची एक मुळी तिथे आहे.

याच पीचीबाईंनी एका मराठी मुलीला हात दिला, तिचं नाव रखमाबाई. लहानपणी, अकराव्या वर्षी लग्न झालेलं. मोठी झाल्यावर तिने त्या नवऱ्याकडे जायला नकार दिला, तेव्हा १८८४ मध्ये तो कोर्टात गेला. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, मी तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली. या रखमाबाईंचं शाळेचं शिक्षण नीट झालंच नव्हतं. घरी बसून, मिशनच्या वाचनालयातून पुस्तकं आणून त्या शिकल्या होत्या. १८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, आणि कोणत्या शाळेत शिकल्या माहीत आहे? लंडनच्या त्याच शाळेत, जी नापास झालेल्या सोफियाने पुढाकार घेऊन उभी केली होती. १८९४ पर्यंत त्या डॉक्टर झाल्या. परत येऊन सुरतेला आणि नंतर राजकोटला त्यांनी वर्षानुवर्षं बायकांची बाळंतपणं केली, आजारपणं काढली.

सोफिया १८७२ मध्ये नापास होऊन घरी बसली असती, तर रखमाबाईंना शिकायला ती शाळा मिळाली असती का? गटात कर्जाचा विचार करताना हा प्रश्न मनात ठेवा. एक मुलगी पुढे गेली की तिच्यामागे गावातल्या आणखी चार जणींना वाट दिसते. ती परत आली की त्या चौघींची वाटही बंद होते.

आता पुण्याची गोष्ट. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं. स्वतः रमाबाईंना लग्न झालं तेव्हा, वयाच्या अकराव्या वर्षी, लिहिता-वाचता येत नव्हतं. नवऱ्याने शिकवलं आणि घरातल्या बायकांनी त्यावरून छळलं. त्यांना माहीत होतं की मोठ्या वयात शिकायला बसलेल्या बाईला पहिल्यांदा काय जड जातं. म्हणून सेवासदनात आधी अक्षरओळखीचे वर्ग होते, त्यावर पुढचं शिक्षण होतं, आणि मग विधवा आणि निराधार बायका नर्सिंग शिकायला ससून हॉस्पिटलला जायच्या. त्या काळी परक्या माणसाच्या अंगाला हात लावणं, मळमूत्र काढणं हे हलकं काम समजलं जायचं. लोक नावं ठेवायचे. एका वार्षिक समारंभात बक्षीस घ्यायला उठलेल्या विधवेची तरुण पोरांनी टिंगल केली, तेव्हा रमाबाईंनी भर सभेत त्या शिकलेल्या पोरांना खडसावलं.

रमाबाईंनी केलं ते आपण नीट समजून घेतलं पाहिजे. पाया कच्चा आहे म्हणून त्यांनी बाईला परत पाठवलं नाही. पाया कच्चा आहे हे ओळखून आधी पाया भरून घेतला.

आपल्या मुलींचा पाया कुठे कच्चा राहतो? बहुतेक जणी मराठी शाळेत शिकलेल्या. नर्सिंगची पुस्तकं आणि पेपर इंग्रजीत. बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या सहामाहीतच शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि नर्सिंगची मूलतत्त्वं हे विषय येतात. मुलीला हाड कोणतं ते कळतं, पण त्याचं नाव लिहिता येत नाही. उत्तर डोक्यात असतं, कागदावर उतरत नाही. त्यात पहिल्यांदाच घर सुटलेलं, जेवण बदललेलं, दुपारपर्यंत वॉर्डात उभं राहून पाय दुखलेले. पहिला निकाल सांगतो तो एवढंच, की मुलगी कुठून निघाली आहे आणि अजून किती चालायचं आहे.

पण एक गोष्ट मी लपवणार नाही. मार्कांना काही अर्थच नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. औषधाचा डोस काढताना दशांश चिन्ह एक घर चुकलं, तर पेशंटला दहापट औषध जातं. नर्सच्या हातात आपलंच माणूस असतं. म्हणून मुलीने पास व्हायचं ते खरं शिकून. सोफियाच्या गोष्टीत मला हेच महत्त्वाचं वाटतं. तिच्यावर अन्याय होत होता हे खरं, आणि तो पेपर कमी पडला होता हेही खरं. ती दोन्ही गोष्टींशी झगडली.

मग करायचं काय? मुलगी घरी आली की आधी तिला जेवू घाला. लगेच मार्कांचं विचारू नका. दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारा: कोणत्या विषयात राहिलीस, लिहायला वेळ पुरला नाही की प्रश्नच कळला नाही, की अभ्यासच झाला नाही? तीन वेगळी कारणं आहेत आणि तिन्हींचे उपाय वेगळे.

तिला सांगा, त्या विषयाच्या मॅडमकडे जा आणि विचार, माझं कुठे चुकतं. मुली घाबरून जात नाहीत, मॅडमना वाटतं हिला काळजीच नाही. फेरमोजणी आणि फेरपरीक्षा यांच्या अर्जाला मुदत असते. रडण्यात ती मुदत निघून जाऊ देऊ नका, कॉलेजच्या ऑफिसात जाऊन तारीख लिहून आणायला सांगा. बहुतेक विषयांत शंभरपैकी पंचवीस गुण कॉलेजच्या अंतर्गत परीक्षांचे आणि कामाचे असतात. ते वर्षभर थोडे थोडे जमवता येतात, अगदी आपल्या बचतीसारखे.

इंग्रजीसाठी एक वही करायला सांगा. एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. रोज दहा शब्द. वॉर्डात जे पाहिलं, त्याचं नाव रात्री लिहायचं. आणि सीनियर मुलींपैकी आपल्याच भागातली एखादी शोधायची. तीही पहिल्या वर्षी रडलेली असते.

मुलगी जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलत असेल, तर तिला एकटी सोडू नका. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे, नंबर १४४१६. दिवसा-रात्री कधीही फोन लावता येतो आणि मराठीत बोलता येतं. मुलीने लावावा, नाहीतर आईने लावावा. परीक्षा पुन्हा देता येते, मुलगी पुन्हा मिळत नाही.

आणि आता गटाच्या त्या प्रश्नाचं उत्तर. आपल्या गटात एखादीचा पहिला हप्ता चुकला, तर आपण तिला गटातून काढतो का? नाही. आपण विचारतो, हप्ता का चुकला. म्हैस आटली, घरी आजारपण निघालं, की धंद्यात अंदाज चुकला. मग मुदत वाढवून देतो, रजिस्टरला तशी नोंद करतो, आणि पुढच्या बैठकीला पुन्हा विचारतो. हा हिशेब आपल्याला पाठ आहे. मुलीच्या शिक्षणालाही तोच लावायचा. ज्या गटाने मुलीच्या फीसाठी कर्ज दिलं आहे, त्यांनी तिच्या आईला निकालाच्या महिन्यात एकटं पाडू नये. सुट्टीत ती मुलगी गावी आली की तिला बैठकीला बोलवा. तिच्याकडून बीपी मोजायला, हात धुवायची योग्य पद्धत शिका. बायकांना उपयोग होईल, आणि तिला कळेल की गावाने आपल्याला अजून नर्स म्हणूनच धरलं आहे.

येत्या बैठकीत हा विषय घ्या. आपल्या गावातून किती मुली नर्सिंगला आहेत, त्यातल्या कोणाचा निकाल अडला आहे, आणि फेरपरीक्षेची फी कोणाला भरायची आहे, एवढी यादी करा. चार नावं निघाली तरी पुष्कळ काम झालं.

आजच्यापुरतं एवढंच. ऐकत राहा, आणि पोरींना शिकू द्या. नमस्कार.