जे दिसत नाही, ते नव्हतंच का?

मंडळी, पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचा इतिहास शोधताना पहिली अडचण अशी, की त्यांच्या आद्य पूर्वजांना हाडंच नव्हती. हाड टिकतं, दात टिकतो. मऊ अंग सडून जातं. मग पुरावा यायचा कुठून?

तो फार थोड्या जागी मिळाला. कॅनडातल्या बर्जेस शेल या खडकात सुमारे 50 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचे मऊ अंगाचे ठसे राहिले आहेत. त्यातल्या बोटभर लांबीच्या पिकायाचं वर्णन चार्ल्स वॉलकॉट यांनी 1911 मध्ये केलं, ते गांडुळाच्या गोतातला कृमी म्हणून! पुढे सायमन कॉनवे मॉरिस यांनी त्याला आपल्या कुळात, म्हणजे पृष्ठरज्जू असलेल्या प्राण्यांत आणलं. 1999 मध्ये चीनच्या युनान प्रांतातून त्याहूनही जुने, माशासारखे मायलोकुनमिंगिया आणि हायकोइक्थिस जाहीर झाले.

आता बघा, पिकायाच्या ठशात डोळे दिसत नाहीत. म्हणून त्याला डोळे नव्हते, असं म्हणायचं का? हा प्रश्न आमच्या मीमांसकांना चांगला ओळखीचा आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेत अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही. पण अट आहे: घट असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात न दिसलेल्या घटावरून काहीच सिद्ध होत नाही.

खडकात उजेड किती, हे इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलं. त्यांनी अ‍ॅम्फिऑक्सस आणि लॅम्प्रेची पिल्लं चक्क सडू दिली आणि काय कधी नाहीसं होतं, याची नोंद ठेवली. (त्या खोलीतल्या वासाची कल्पनाच केलेली बरी.) 2010 साली निष्कर्ष आला: उत्क्रांतीत उशिरा आलेली, नेमकी ओळख पटवणारी लक्षणं आधी जातात, स्नायूंच्या पट्ट्या आणि पृष्ठरज्जू मात्र बराच काळ तग धरतात. म्हणजे सडता सडता लॅम्प्रे आपल्याच दूरच्या पूर्वजासारखा दिसू लागतो! माझ्या मते हा प्रयोग नव्या जीवाश्मांइतकाच मोलाचा आहे.

म्हणून हायकोइक्थिसमध्ये डोळे दिसतात, त्याला वजन आहे. पिकायात ते दिसत नाहीत, त्याला तेवढं नाही. आणि दिसतं तेसुद्धा वाचावं लागतं, बरं का. 2024 मध्ये काही अभ्यासकांनी दाखवून दिलं की आपण पिकायाला इतकी वर्षं उलटा धरत होतो. ज्याला पाठ म्हणत होतो, ते पोट होतं.