निळ्या रक्तातील सतरा अक्षरे
#थ्रेड

१/ हॉर्सशू क्रॅब हा घोड्याच्या नालाच्या आकाराचा, निळ्या रक्ताचा सागरी जीव. नाव खेकड्याचे, पण जवळचे नाते कोळी-विंचवांशी! आपल्यासारखी प्रतिपिंडे त्याच्यापाशी नाहीत. तरीही जिवाणूंनी भरलेल्या समुद्रात तो कोट्यवधी वर्षे तगून आहे. कसा?

२/ विशिष्ट जिवाणू शरीरात शिरताच या जिवाचे रक्त गोठते, असे फ्रेडरिक बँग या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये नोंदवले. पुढे १९८८ मध्ये जपानी संशोधकांनी त्याच्या आशियाई प्रजातीच्या रक्तपेशींतून जिवाणूनाशक पेप्टाइड वेगळे केले. त्याचे नाव टॅकिप्लेसिन.

३/ हे पेप्टाइड म्हणजे अवघ्या १७ अमिनो आम्लांची साखळी. त्यांपैकी ५ आर्जिनिन व १ लायसिन धनप्रभारित असतात. जिवाणूचे आवरण ऋणप्रभारित असल्याने पेप्टाइड त्याकडे ओढले जाते आणि आवरणच भेदते.

४/ अशी आणखी पेप्टाइडे शोधायची कशी? अमिनो आम्ले २० प्रकारची, जागा १७. संभाव्य रचना एकावर २२ शून्यांहून अधिक. प्रत्येक रचना प्रयोगशाळेत तपासणे अशक्यच.

५/ येथे मार्गारेट डेहॉफ यांचे कार्य उपयोगी पडले. त्यांनी प्रत्येक अमिनो आम्लाला एकेक अक्षर दिले आणि १९६५ मध्ये ६५ प्रथिनांच्या क्रमांचा संग्रह ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. रेणू अक्षरांची ओळ झाला; संगणकाला ती वाचता येऊ लागली.

६/ या इतिहासात मुंबईचेही पान आहे. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०१० मध्ये ‘कॅम्प’ हा जिवाणूरोधी पेप्टाइडांचा संग्रह प्रसिद्ध केला. एखादा नवा क्रम जिवाणूरोधी असेल का, याचे भाकीतही त्यात यंत्र-शिक्षणाच्या पद्धतींनी करता येते.

७/ मात्र संगणकाला यशस्वी व अयशस्वी, दोन्ही उदाहरणे लागतात. अयशस्वी प्रयोग क्वचितच छापले जातात. म्हणून ज्यांच्याविषयी काहीच नोंद नाही, असे क्रम बहुधा ‘निष्प्रभ’ धरले जातात. नोंद नसणे म्हणजे गुण नसणे नव्हे, हे इतिहासाच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको!

८/ शिवाय टॅकिप्लेसिन मानवी रक्तपेशींनाही इजा करू शकते. जिवाणू मारणे आणि रुग्णाला वाचवणे या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. जुनी प्रतिजैविके निष्प्रभ होत असताना संगणक हजारोंतून मोजकी नावे निवडून देतो. निकाल मात्र आजही प्रयोगशाळेतच लागतो.