सफरीचे चित्र आणि दारचा बिबट्या

आफ्रिकेतील वन्य पशूंची छायाचित्रे हा विषय आम्ही या वसंत व्याख्यानमालेसाठी निवडला, तेव्हा एका स्नेह्यांनी थट्टेने विचारले, "मीरा-भाईंदरला सिंहाचे काय हो?" प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तराला 'सफारी' या शब्दापासूनच प्रारंभ करता येईल. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत तो अरबीतून आला, आणि आपली 'सफर' ही त्याच कुळातली. ज्या समुद्रावरून तो शब्द तिकडे गेला, त्याच समुद्रावरून अरबी घोडे आपल्या घोडबंदरास उतरत, असे सांगतात. तेव्हा शब्द आपल्या नात्यातला आहे. त्या शब्दासरशी डोळ्यांपुढे उभे राहणारे चित्र मात्र निराळ्या हातांनी घडवलेले आहे.

ते हात प्रथम शिकाऱ्यांचे होते. कार्ल जॉर्ज शिलिंग्ज या जर्मन गृहस्थाने विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्व आफ्रिकेत रात्रीच्या अंधारात मॅग्नेशियमच्या पुडीचा भडका उडवून सिंहांची छायाचित्रे घेतली. १९०५ साली त्याचे पुस्तक निघाले. त्याच्या नावातच प्रकाशझोत आणि बंदूक शेजारी शेजारी नांदतात. आमिष म्हणून जिवंत जनावर बांधायचे, सिंहाने झेप घेतली की उजेड पाडायचा, अशी ती रीत होती. मराठीतही आपण सावज टिपतो आणि छायाचित्रही टिपतो! या दोन क्रियांमधले अंतर आरंभी फारसे नव्हतेच.

ते अंतर वाढवण्याचे मोठे काम आपल्या देशात झाले. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हे वनाधिकारी उत्तरेच्या तराई प्रदेशात वाघाच्या वाटेवर बारीक तार बांधून ठेवीत. वाघाचा पाय तारेला लागला की कॅमेरा आपोआप उघडे आणि वाघ स्वतःच स्वतःचे चित्र काढून निघून जाई. १९२७ साली ही चित्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. एका वाघाचे पट्टे दुसऱ्याशी जुळत नाहीत, हेही त्यांनी चित्रांवरून ओळखले. मेलेल्या वाघाचे कातडे एकाच्या दिवाणखान्याची शोभा झाले असते. जिवंत वाघाचे चित्र ज्ञानाचे साधन झाले.

पुढे आफ्रिकेतही बंदूक मागे पडत गेली आणि १९७७ साली केनियाने शिकारीवर बंदीच घातली. पण कॅमेरा हाती आला म्हणून सारा अन्याय संपला, असे मात्र नव्हे. १९५१ साली सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान झाले. तेथे पिढ्यान् पिढ्या गुरे चारणाऱ्या मासाई लोकांना १९५९ च्या सुमारास आपली कुरणे सोडून न्गोरोंगोरोकडे जावे लागले. त्याच साली बर्नहार्ड ग्झिमेक यांचा सेरेंगेटीवरील चित्रपट जगभर गाजला. त्या प्राण्यांना वाचवण्याची तळमळ त्यात खरी होती. त्यांचा मुलगा मिखाएल चित्रीकरणाच्या काळातच विमान कोसळून मृत्यू पावला होता. तरीही अशा चित्रांमधून जगाची समजूत पक्की झाली, की रान म्हणजे जेथे माणूस नाही ते. मोकळे माळरान, एकटे झाड आणि त्याखाली सिंह. चौकटीबाहेर कोण राहिले, हे चित्र सांगत नाही.

आता घरी येऊ. काशिमीरा, चेणे, घोडबंदर ही आपली गावे ज्या डोंगरांच्या पायथ्याशी आहेत, ते डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे. क्षेत्र अवघे सुमारे १०४ चौरस किलोमीटर, आणि भोवती महानगराचा वेढा. येथे २०१५ साली निकित सुर्वे या तरुण अभ्यासकाने चॅम्पियन यांच्या तारेचेच नवे रूप असलेले स्वयंचलित कॅमेरे लावून ३५ निरनिराळे बिबटे नोंदले. बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे ठिपके सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावावे लागतात. अशा नोंदीचा उपयोग केवळ मोजणीपुरता नाही. २००४ च्या जून महिन्यात या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांनी अनेक बळी घेतले, तेव्हा दुसरीकडे पकडलेले बिबटे येथे आणून सोडल्याने प्रश्न चिघळला, असे मत अभ्यासकांनी मांडले. येथला कोण आणि बाहेरून आणलेला कोण, हे ठिपक्यांवाचून कसे कळावे?

याच उद्यानाला लागून असलेल्या आरे वसाहतीत नयन खानोलकर यांनी एका अरुंद बोळातून जाणारा बिबट्या टिपला. २०१६ साली जागतिक वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत शहरी विभागाचे पारितोषिक त्या चित्रास मिळाले. त्यात बिबट्या आहे, पण बोळ आणि घरे यांनाही तितकीच जागा आहे. वारल्यांना यात नवल वाटणार नाही. ते वाघोबाला देव मानून त्याच्या शेजारी राहत आले आहेत. आमच्या मते सफारीच्या चित्राने जे गाळले होते, ते या एका चित्राने परत आणले.

म्हणून स्नेह्यांच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे, की सिंहाशी नसला तरी चौकटीशी मीरा-भाईंदरचा संबंध आहे. घोडबंदर रस्त्यावर वाहनांखाली बिबटे मेले आहेत. बिबट्या वस्तीत आल्याची वार्ता पसरली की शेकडो हात मोबाईल उंचावून त्याची वाट अडवतात; आणि वाट अडलेले, भेदरलेले जनावर अंगावर येते. त्या गर्दीतला प्रत्येक जण नकळत शिलिंग्जच्याच काळात वावरतो, फरक इतकाच की आमिषाच्या जागी आता आपलीच मुलेबाळे असतात. अशा वेळी मागे सरावे, वाट मोकळी ठेवावी, वनखात्याला कळवावे. उकिरडे साफ ठेवावेत, म्हणजे कुत्री जमत नाहीत आणि कुत्र्यांमागे बिबट्या येत नाही. एखादे चित्र न काढणे हेही कधी कधी रानावरचे प्रेमच असते. आफ्रिकेची सफर ज्यांना घडेल त्यांनी ती अवश्य करावी. पण तेथून परतताना काशिमीऱ्याच्या डोंगराकडे एकदा नजर टाकावी. तिकडूनही कोणी आपल्याकडे पाहत असेल.