परकी मदत आणि वाडीचा हिशेब

दुबळ्या संस्थांच्या देशात परकी मदत वाया जाते, त्याचा दोष आपण सरसकट चोरीवर टाकतो. चोरी असतेच, पण मोठे नुकसान रचनेतून होते. पैसा आला की तो खर्च करायला वेगळे कार्यालय, वेगळ्या गाड्या, वेगळे कर्मचारी उभे राहतात. प्रकल्प संपला की ते उठतात आणि मूळ खाते होते तिथेच राहते. अशा समांतर यंत्रणा 2010पर्यंत दोन-तृतीयांशाने घटवायचे दात्या देशांनी 2005च्या पॅरिस जाहीरनाम्यात कबूल केले, ते उगाच नाही.

जागतिक बँकेच्या कर्जातून 2003मध्ये महाराष्ट्रात आलेल्या ‘जलस्वराज्य’ने वेगळी वाट धरली. (कर्ज म्हणजे दान नव्हे, पण खर्चाचा प्रश्न तोच.) पैसा टप्प्याटप्प्याने गावाच्या समितीकडे, भांडवली खर्चाचा 10 टक्के वाटा गावाचा, देखभाल सगळी गावाची, आणि नजर ठेवायला गावातलीच सामाजिक लेखापरीक्षण समिती.

ही रचना कुठे अडखळते, ते कोकणातल्या मंडणगडसारख्या तालुक्यात कळते. पाऊस धो धो, पण पाणी जांभ्यातून निघून जाते. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात. ग्रामपंचायत एक, वाड्या अनेक, त्याही डोंगरउतारावर विखुरलेल्या. टाकी भरते, पण शेवटच्या वाडीचा नळ कोरडाच असेल तर तिथला माणूस पाणीपट्टी का भरेल? वसुली थांबली की पंपाचे वीजबिल थकते, वीज तुटते, योजना बंद. एक रुपयाही न खाता!

खरा हिशेब वाडीच्या बैठकीत आणि तिच्या मुंबई मंडळात होतो. चाकरमानी वर्गणी देतात आणि गणपतीत गावी आले की पै-पैचा जाब विचारतात. या संस्थेला दुबळी कोण म्हणेल? मात्र तिथे बायकांचा आवाज कमी, आणि बौद्धवाडीला तर गावकीत बरोबरीची जागा सुखासुखी मिळालेली नाही. म्हणून सगळी रक्कम वाडीच्या बैठकीच्या हाती सोपवणे हाही उपाय नव्हे.

याच मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव. प्रांतिक वित्तव्यवस्थेवर ग्रंथ लिहिलेल्या या अर्थशास्त्रज्ञाला खेड्याबद्दल भाबडे प्रेम नव्हते. महालेखापरीक्षक हा राज्यघटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी, असे त्यांनी 1949मध्ये संविधान सभेत सांगितले. म्हणून हिशेब वाडीत वाचावा, पण तपासावा बाहेरच्याने. आणि शेवटचा हप्ता टाकी बांधून झाल्यावर देऊ नये; सर्वांत वरच्या वाडीला लागोपाठ दोन मे महिने पाणी मिळाल्यावरच द्यावा.