कंपासपेटीतला अ‍ॅम्प

गेल्या एपिसोडनंतर एका श्रोत्याचा मेसेज आला : "दादा, लोकलमध्ये हेडफोनचा आवाज कमी पडतो. छोटा अ‍ॅम्प घेऊ का? चार हजार साठवलेत." हो किंवा नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. पण या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि तो कळला की उत्तर आपलं आपल्याला सापडतं. शिवाय मी स्वतः इथे एकदा फसलोय.

तर, १ जुलै १९७९. जपानमध्ये सोनीचा पहिला वॉकमन विक्रीला आला. किंमत ३३,००० येन. दोन पेन्सिल सेलवर चालायचा आणि सोबत हलकेफुलके हेडफोन मिळायचे. आता गंमत बघा, अ‍ॅम्प त्याच्या आतच होता! ताकद बेताची, पण सोबतचे हेडफोनही तेवढ्याच ताकदीत वाजणारे. म्हणजे जोडा कंपनीनेच जुळवून दिलेला.

कुरबुर सुरू झाली ती लोकांनी हा जोडा मोडला तेव्हा. घरच्या मोठ्या सिस्टिमसाठी बनवलेले हेडफोन माणसं खिशातल्या प्लेयरला लावायला लागली. १९९७ मध्ये आलेला सेनहायजरचा एचडी ६०० घ्या. त्याचा इम्पीडन्स ३०० ओहम. आपल्या साध्या इयरफोनचा असतो १६ ते ३२. इम्पीडन्स म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा. तो जितका जास्त, तितकं तेवढीच पॉवर पोचवायला व्होल्टेज जास्त लागतं. दोन सेलवर चालणारं यंत्र ते आणणार कुठून?

मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी चू मॉय यांनी खिशात मावणाऱ्या अ‍ॅम्पचं सर्किट इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुलं केलं. नऊ व्होल्टची बॅटरी, एक ऑप-अँपची चिप आणि मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर. अमेरिकेत लोक ते पेपरमिंटच्या अल्टॉइड्सच्या पत्र्याच्या डबीत बसवायचे. नाव पडलं 'सीमॉय'.

इंजिनिअरिंगला असताना मीही तो बनवला. पुण्यात तपकीर गल्लीतून सुटे भाग आणले, जुन्या कंपासपेटीला भोकं पाडली. मेसचे पैसे त्यात गेले, वडापाववर दिवस काढले. पण इयरफोन लावला आणि काय सांगू, दणदणीत! रूममेटला आठवडाभर पिडलं, "बेस ऐक, बेस!" मग एका रात्री गाणं संपलं आणि कानात बारीक 'सूंऽऽ' येत राहिलं. माझं सर्किट आलेला सिग्नल ११ पट करत होतं. गाणंही ११ पट, फोनमधली खरखरही ११ पट. माझ्या १६ ओहमच्या इयरफोनला त्याची गरजच नव्हती. मला 'चांगलं' वाटत होतं ते फक्त 'मोठं' होतं.

नेमकं यावरच २०११ मध्ये एका माणसाने बोट ठेवलं. इंटरनेटवरचं त्याचं नाव एन-डब्ल्यू-ए-व्ही-गाय. (आपली गोठ्यातली नव्हे, इंग्रजीतला!) खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. तो अ‍ॅम्प मोजमापाच्या यंत्राला लावायचा आणि आकडे छापायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं : दोन अ‍ॅम्पची तुलना करताना दोघांचा आवाज अगदी सारखा ठेवा, कुठला कुठला ते ऐकणाऱ्याला सांगू नका, मग बघू किती फरक कळतो. नुसता बोलून थांबला नाही. 'ऑब्जेक्टिव्ह टू' नावाचा स्वस्तातला अ‍ॅम्प त्याने डिझाइन केला, आराखडा फुकट वाटला. महागडी यंत्रं विकणाऱ्यांना ते झोंबलं. आणि २०१२ मध्ये हा माणूस गप्प झाला. कोण होता, कुठे गेला, आजही माहीत नाही. त्याचा अ‍ॅम्प मात्र पुढेही लोक बनवत राहिले.

यानंतर २०१६. आयफोन ७ मधून ३.५ मिलिमीटरचा जॅक गेला. पुढे बऱ्याच अँड्रॉइड फोनमधूनही गेला. पण डिजिटल आकड्यांचा विजेचा सिग्नल करणारा डॅक आणि तो सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प कुठेतरी हवाच ना? आयफोनसोबत आलेल्या त्या बोटभर वायरीत हे दोन्ही बसले. म्हणजे असं डोंगल वापरणाऱ्या प्रत्येकाकडे 'एक्स्टर्नल डॅक-अ‍ॅम्प' ऑलरेडी आहे!

आणि ब्लूटूथ बड्स असतील तर विषयच संपला. डॅक, अ‍ॅम्प सगळं बडच्या आत, वॉकमनसारखाच जुळवलेला जोडा. बाहेरून वायरीचा अ‍ॅम्प लावायला तिथे जागाच नाही.

मग वेगळा अ‍ॅम्प कधी घ्यायचा? हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे बघा : इम्पीडन्स आणि सेन्सिटिव्हिटी. इम्पीडन्स दीडशे-तीनशे ओहम असेल, किंवा सेन्सिटिव्हिटी कमी असेल आणि शांत खोलीतसुद्धा व्हॉल्यूम पूर्ण करून आवाज पुरत नसेल, तर जरूर घ्या. घेताना अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशापेक्षा कमी आहे ना, तेवढं तपासा. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमच्या आत. नाहीतर काही हेडफोनचा बेस-ट्रेबलचा तोल बिघडतो.

आता आपल्या लोकलवाल्या मित्राकडे. तुला घरी आवाज पुरतो, गाडीत पुरत नाही. म्हणजे अ‍ॅम्प कमी पडत नाहीये, गाडीचा खडखडाट जास्त आहे. त्यावर मात करायला आवाज वाढवलास तर किंमत कान मोजणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबल फक्त ४ तास. विरार-चर्चगेट रोज जा-ये करणाऱ्याचे ४ तास दोन दिवसांतच संपतात.

तेव्हा ते चार हजार आत्ता तसेच राहू देत. आधी कानात घट्ट बसणाऱ्या सिलिकॉन टिप्स घे, वेगवेगळ्या साइजच्या लावून बघ. बाहेरचा आवाज आत आला नाही की गाण्याचा वाढवावा लागत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर नॉइज कॅन्सलेशनवाल्या इयरफोनचा विचार कर.

माझी कंपासपेटी अजून ड्रॉवरमध्ये आहे. बॅटरी काढून ठेवलीये. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आणि हो, हा ऐकताना व्हॉल्यूम दोन घरं खाली आणा!