ट्रॉम्बेची 'ध्रुव' आणि औषधी समस्थानिके

किरणोत्सारी आयोडीनने थायरॉईडवर उपचार करायचे असतील तर ठरलेली तारीख सहसा चुकवता येत नाही. असे का, हे समजण्यासाठी मुंबईजवळच्या ट्रॉम्बेला जाऊ या.

भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आवारात 'अप्सरा' ही भारताची पहिली संशोधन अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. कॅनडाच्या साहाय्याने उभारलेली 'सायरस' १९६० मध्ये आली व २०१० च्या अखेरीस बंद झाली. भारतीय शास्त्रज्ञांनी स्वतः उभारलेली १०० मेगावॅटची 'ध्रुव' ८ ऑगस्ट १९८५ रोजी क्रांतिक झाली. म्हणजे तिच्यातील अणुविखंडनाची साखळी स्वबळावर चालू लागली.

पण भट्टी पेटली की लगेच कामाला लागते असे नाही. इंधन थंड ठेवण्यासाठी वेगाने वाहणाऱ्या जड पाण्यामुळे ध्रुवमधील इंधनाच्या जुड्या थरथरू लागल्या. त्यांची अ‍ॅल्युमिनियमची आवरणे झिजू लागली. जुड्यांची रचना सुधारून भट्टी पूर्ण क्षमतेने चालवायला जानेवारी १९८८ उजाडला.

समस्थानिके करण्यासाठी योग्य पदार्थ सीलबंद डब्यांत घालून भट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवतात. टेल्युरियमपासून आयोडीन-१३१ मिळते. मॉलिब्डेनम-९९ पासून टेक्निशियम-९९एम मिळते. ते हाडे, हृदय व मूत्रपिंडांच्या तपासणीत वापरतात. मग शिशाच्या जाड भिंतींआड शुद्धीकरण होते आणि माल रुग्णालयांकडे रवाना होतो.

येथे घाई अटळ असते. आयोडीन-१३१ दर ८ दिवसांनी निम्मे होते, मॉलिब्डेनम-९९ दर ६६ तासांनी, तर टेक्निशियम-९९एम अवघ्या ६ तासांनी. त्यामुळे साठा करून ठेवता येत नाही. भट्ट्या चालू राहाव्याच लागतात. मे २००९ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हरची भट्टी पंधरा महिने बंद पडली, तेव्हा उत्तर अमेरिकेतील अनेक रुग्णांच्या तपासण्या लांबल्या होत्या.

आपल्या उपयोगाची एक गोष्ट: आयोडीन-१३१ चे उपचार घेतल्यावर अंशमात्र किरणोत्सार काही आठवडे शरीरात राहतो आणि विमानतळावरील संवेदनशील यंत्रे वाजू शकतात. आई-वडील उपचारानंतर इकडे येणार असतील, तर प्रवास केव्हा करावा हे डॉक्टरांना विचारावे आणि औषधाचे नाव, मात्रा व तारीख लिहिलेले त्यांचे पत्र हाताशी ठेवावे.